गावात जागा नाही

बिश्केक, १० जानेवारी

ती. बुरुलवहिनीस,
सलाम वि. वि.

पत्र बकितदादाच्या व्हॅनमधून पाठवते आहे. फोन केला असता, पण तुमच्या घरात फोन एकच आणि तो बाबांच्या उशाशी. दादाला बजावलंय, पत्र थेट तुझ्या हातात पडलं पाहिजे. आता मजा ऐक. तिलेकला स्की शिकायचंय! बर्फ पडला की बाजारात माझा हात घट्ट धरून चालणारा हा माझा नवरा. फेब्रुवारीत आठवडाभर सुट्टी आहे आणि जिरगलान सोडून दुसरीकडे जायचं माझ्या मनात नाही.

राहायचं कुठे, ते तू शोध. घरी उतरता येणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पळून जाऊन लग्न केलं त्याला दोन वर्षं झाली, पण बाबांनी अजून तोरकुलोचं बोलावणं धाडलेलं नाही. ते आल्याशिवाय लेकीनं माहेरचा उंबरठा ओलांडायचा नसतो. नाही ओलांडणार. पण गावात यायला तर कुणाची हरकत नाही ना? बाबा लांबून दिसले तरी मला चालेल.

लोभ आहेच, चेष्टा तेवढी कमी असावी.
तुझी जाझगुल

जिरगलान, १७ जानेवारी

चि. सौ. जाझगुल हिस,
अ. आ.

चेष्टा कमी म्हणे! मग मला कशाला लिहिलंस?

अगं, खाण बंद पडल्यापासून इथे ज्याच्याकडे दोन खाटा आहेत तो हॉटेलवाला झालाय. उताराच्या पायथ्याशी नवं लाकडी हॉटेल आहे. त्यांचं वाफेचं न्हाणीघर झकास, पण सुपातलं मांस शोधायला दुर्बीण लागते. चोल्पोनबाईंची चूल धुरकट, आणि त्यांचं तोंड चुलीहून जास्त चालतं. सालकीन मास्तरणीकडे खोली स्वच्छ, जॅम घरचा, आणि खिडकीतून आपला तबेला दिसतो. मात्र ती नऊला दिवा मालवते आणि पाहुण्यांनाही पाढे विचारते. जावईबापूंची तयारी करून घे.

बाबा बरे आहेत, म्हणजे रोज कुणावर तरी ओरडतात. तो पांढऱ्या डोक्याचा मेंढा आठवतो का, तू गेलीस त्या शरदात घेतलेला? अजून कापू देत नाहीत. माझी आई आली तेव्हाही नाही, ईदलाही नाही. विचारलं तर म्हणतात, त्याचं पोट बरं नाही. मेंढ्याचं! तो आता दारातून आडवा होऊन बाहेर पडतो.

कुठे राहायचं ते लवकर कळव. माया आहे तशीच ठेव.
तुझी वहिनी बुरुल

बिश्केक, २२ जानेवारी

ती. वहिनीस,
सलाम वि. वि.

तिलेकचं मत न्हाणीघराला. मी म्हटलं, आंघोळ काय बिश्केकलाही होते. मला सालकीनबाईंची खिडकी हवी. बाबा सकाळी घोड्याला पाणी दाखवायला अजून स्वतःच बाहेर येतात ना? मग झालं तर. तिलेक साताच्या पाढ्यात अडकतो, पण मी बाजूला बसून सांगेन.

खोली धरून ठेव आणि आमच्यावर लक्ष असू दे.
तुझी जाझगुल

जिरगलान, २९ जानेवारी

चि. सौ. जाझगुल हिस,
अ. आ.

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. सालकीन म्हणाली खोली भरली. चोल्पोनबाईंकडे गेले, तीही भरली. लाकडी हॉटेलात अख्खा मजला रिकामा दिसत होता, तरी तोही भरलेला! शेवटी चोल्पोनबाईंच्या पोटात राहिलं नाही. सोमवारी बाबा घोड्यावरून दारोदार गेले आणि तिलेकच्या नावानं कुणी खाट द्यायची नाही, असं बजावून आले. तुझ्या दादाच्या पोटात काही राहिलं नसणार, हे मला कळायला हवं होतं.

बाबांना विचारलं, तर म्हणाले, घोड्याचे पाय मोकळे करायला गेलो होतो. पुढे विचारायची माझी छाती झाली नाही. रागावू नकोस, निदान माझ्यावर तरी.

तुझी वहिनी बुरुल

बिश्केक, १ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सलाम.

समजलं. सुट्टी रद्द केली. मी लांबून बघितलेलंही त्यांना नको असेल, असं वाटलं नव्हतं. तिलेक समजूत घालतो आहे, पण रडू थांबत नाही. सोबत लोकरीचे हातमोजे आहेत. बाबांना दे. बाजारातून आणले म्हणून सांग.

जाझगुल

जिरगलान, ५ फेब्रुवारी

चि. जाझगुल हिस,
आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. बुरुल खांद्यावरून डोकावत होती, तिला चहा करायला पिटाळलं आहे.

हातमोजे मिळाले. अंगठा नेहमीसारखा लांब झालाय. असले हातमोजे बाजारात मिळत नाहीत.

मी दारोदार गेलो, हे खरं आहे. माझी मुलगी माझ्याच गावात परक्याच्या अंथरुणात झोपणार, ती सालकीन तिला जॅम वाढणार, आणि मी काय तबेल्यातून बघत बसू? म्हणून सगळ्यांना बजावलं. तू रडशील, हे डोक्यात आलं नाही. तिथे माझं चुकलं. बोलावणंही केव्हाच धाडायला हवं होतं. आधी राग होता. मग राग गेला आणि लाज वाटत राहिली.

तुझ्या आईनं शेवटच्या दुखण्यात हात चालत होते तोवर तुझ्यासाठी सात गोधड्या शिवल्या होत्या. त्या पेटीवर तशाच रचलेल्या आहेत. काल सगळ्या बर्फावर झटकून उन्हात घातल्या. इथे त्यांत झोपा आणि जाताना घेऊन जा.

मेंढ्याचं पोट आता बरं आहे.

जावयानं रीतीप्रमाणे माझ्यापुढे वाकायला हवं. त्याला चालताही येत नाही असं बुरुल सांगते, तेव्हा स्कीवर उभा केला की ते आपोआप होईल. शिकवीन मीच.

हेच तोरकुलोचं बोलावणं समज. जबरदस्ती नाही. राहायचं कुठे, ते तुझं तू ठरव. गावात दुसरीकडे मात्र जागा नाही.

तुझा बाप
ओमुरबेक