अर्धा धडा

प्रिय शेखर,

'प्रिय' सवयीने लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. आज तुला भावजी म्हणायला जीभ वळत नाही.

सायखेड्याहून देवळाली कॅम्पात आमच्याकडे शिकायला आलास, तेव्हा नववीत होतास. तुझ्या दादांचे जुने बूट घालून मैदानावर पळायचास. दादा बातम्या लावायचे, सरकारला मनसोक्त शिव्या घालायचे आणि तोंड चालू ठेवूनच वर्दीला इस्त्री करायचे. तू पोट धरून हसायचास. तेव्हा नाही वाटले तुला ते देशद्रोही? सीमेवरून तिरंग्यात आले, तेव्हा सगळ्यात मोठ्याने तूच रडलास. मला ते खरं वाटलं होतं.

त्याच दादांची पोर चैताली. शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, म्हणजे शिकवायची. एका मुलीने विचारलं, सरकारला नावं ठेवली तर देशद्रोह होतो का? ती म्हणाली, नाही, सरकार म्हणजे देश नव्हे. वर्गात कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ तुझ्या हाती लागला आणि तू तिथेच कात्री चालवून तो सगळीकडे पाठवलास. पुढचं वाक्य कुठे गेलं रे, मेल्या? माझे पप्पा सरकारसाठी नाही, देशासाठी गेले, असं म्हणाली होती ती. सख्ख्या भावाचा उल्लेख उडवताना लाज नाही वाटली तुला? वर कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलंस, हिला पाकिस्तानात धाडा. शाळेने तिला काढलं. कुणीतरी तिच्या गाडीवर 'देशद्रोही' लिहिलं, ते पोरीने रॉकेल लावून घासलं, तर गाडीचा रंगच गेला. आता ती भाजी आणायलाही बाहेर पडत नाही. तुझं वाटोळं व्हावं, असं मी रोज देवासमोर बोलते.

आणि काल तुझे कार्यकर्ते पेढे घेऊन हजर! म्हणे, आमचे शेखरभाऊ निवडणुकीला उभे आहेत, सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन वीरपत्नी वहिनींच्या हस्ते. नाशिकरोडभर दादांचा आणि माझा फोटो लावून मोकळा झालास, मला विचारलंस? तर ऐक. मी येते. चैतालीला घेऊन येते. ती नाही म्हणत होती, तुझा बॅनर पाहिला आणि तयार झाली. झेंडा फडकला की माइक तिच्या हातात देणार, आणि तो धडा ती तुझ्याच मांडवात पूर्ण शिकवणार. मग सगळ्यांसमोर तू तिची माफी मागायचीस. माझं बोलावणं रद्द करायचं तर खुशाल कर, पण वीरपत्नीला का नाकारलं, ते मतदारांना सांगत फिर. हे सगळं तुला न कळवताही करता आलं असतं. पण सव्वीस तारखेपर्यंत तुझ्या डोळ्याला डोळा लागू नये, म्हणून आधी लिहितेय.

तुझीच, दुर्दैवाने,
राखी वहिनी