तीन नंबरचा इंजेक्टर आणि खंडेनवमीचं कुंकू

चिखली,
कोजागिरी होऊन चौथा दिवस

ती. चिमाजीराव यांस अर्जुनचा वाकून नमस्कार.

(नात्याने मी जावई, म्हणजे मान माझा. पण वयाने तुम्ही चार वर्षांनी थोरले, आणि या पत्रापुरता मी जावईपणा काढून खुंटीला टांगला आहे.) जामखेडला हवा कशी आहे? तुमचा खोकला कमी झाला का? दुकान सोडून गावी गेल्यापासून डिझेलचा वास नाही, म्हणजे झाला असेल. इकडे आम्ही ठीक. साधनाचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, तिचं म्हणणं मीही कुरकुरतो, पण मला जिना लागत नाही. असो. पत्र वाचून फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण आधी वाचा. दोन वर्षं तुम्ही आमच्या उंबऱ्यात पाय ठेवलेला नाही आणि चूक कुणाची होती हे मला ठाऊक आहे. त्या विषयाकडे येतोच, पण आधी गाडीचं सांगतो, कारण गाडीचं सांगणं सोपं आहे.

गाडी म्हणजे तीच. सेकंडहँड घेतलेली टर्बो डिझेल, जिच्यापायी हे सगळं रामायण घडलं. श्रावणापासून सकाळी सुरू व्हायला नखरे करू लागली. सेल मारत बसायचं, मग एकदाची खडखडत उठणार आणि मागून एवढा धूर सोडणार की दुसऱ्या मजल्यावरच्या मंजुळाबाई वाळत घातलेल्या साड्या ओढत ओढत आत न्यायच्या. मी काय केलं असेल? बत्तीस वर्षं चाकणच्या कंपनीत क्वालिटीला काढलेला माणूस, मी चेकशीट केली. पहिला संशय टर्बोवर. (सगळ्यांचा पहिला संशय टर्बोवरच असतो. घरात काही हरवलं की जसा माझ्यावर असतो.) पाइप काढले, क्लॅम्प काढले, टर्बो निर्दोष. मग डिझेल फिल्टर बदलला. मग पंपावर संशय घेतला. शेवटी एकदा ऑइलची पट्टी काढली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं! मला क्षणभर आनंदच झाला हो, म्हटलं गाडी स्वतःचं ऑइल स्वतःच तयार करते. वास घेतला तर डिझेल. म्हणजे एखादा इंजेक्टर ठिबकतोय आणि ते डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतंय. तुम्हाला हे सांगणं म्हणजे तुमचीच विद्या तुम्हाला शिकवणं आहे, पण मला अहवाल पहिल्यापासून लिहायची खोड आहे.

आता चारातला कुठला, हे कसं कळायचं? तुमच्या दुकानात तुम्ही सलाइनच्या बाटल्या आणि नळ्या लावून बघायचात ते आठवलं. ज्याच्या बाटलीत परत आलेलं डिझेल जास्त साचेल तो खराब. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन मी चार सलाइनचे सेट मागितले. त्याने चेहरा पाडून विचारलं, पेशंट कोण? मी म्हणालो, घरचाच, सकाळी उठतच नाही, उठला तर थरथरतो. (खोटं काय बोललो सांगा.) संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी गेली की अर्जुनरावांच्या घरी सिरियस आहे. मंजुळाबाई मुगाची खिचडी घेऊन आल्या, शेजारचे अण्णासाहेब शहाळी घेऊन आले, आणि साधना दारात कुकरची शिट्टी हातात धरून धडधाकट उभी! अण्णासाहेबांनी मग माझ्याकडे असं काही हळहळून बघितलं की मी मुकाट्याने अर्धं शहाळं पिऊन टाकलं. खिचडी बाकी छान होती.

टेस्ट केली. तीन नंबरची बाटली भसाभस भरली, बाकीच्या तिघींत बोटभर. माणसाने इथे मान्य करावं की नाही? मी मान्य केलं नाही. मी बाटलीवर संशय घेतला. बाटल्यांची अदलाबदल करून पुन्हा टेस्ट, पुन्हा तीन नंबर. मग तपासणाऱ्यावर संशय घेतला, म्हणून साधनाला सेल मारायला बसवलं. पुन्हा तीन नंबर. ती स्टिअरिंगमागून शांतपणे म्हणाली, दादा हेच म्हणाला होता ना? मी ऐकू न आल्यासारखं केलं. चिमाजीराव, तिचं ते वाक्य मला अजून ऐकू येतंय.

आता माझ्या हातून जे झालं ते कंपनीत कुणाला सांगू नका. अष्टमीला मी चारही इंजेक्टर काढले, स्वच्छ पुसले आणि ताटात ओळीने मांडले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बत्तीस वर्षं मी त्या दिवशी लेथला, गेजांना, व्हर्नियरलासुद्धा हळदकुंकू लावत आलो, रिटायर झालो म्हणून काय सोडायचं? पाने, स्क्रूड्रायव्हर, साधनाची विळी, शिलाईमशीन, सगळं पाटावर मांडलं, शेजारी इंजेक्टरांचं ताट. त्यांच्या तोंडाला टोप्या घालून ठेवायच्या असतात, केसाइतकी घाणही आत जाता कामा नये, हे माझ्याच चेकशीटवर माझ्याच अक्षरात आहे. पण टोपी घातलेल्याला कुंकू लावायचं कुठे? मी टोप्या काढल्या. चौघांनाही दोन्ही टोकांना, बोट नीट टेकवून, हळद आणि कुंकू. वर अक्षता. वर झेंडूची पाकळी. तीन नंबरला जरा जास्तच लावलं, म्हटलं सुधारेल.

दसरा झाल्यावर बसवले. गाडी आधी निदान खोकायची तरी, आता तिने श्वासच सोडला. शेवटी निमूटपणे काळेवाडीला तुमच्या दुकानात गेलो. तुमचं दुकान आता सुजित चालवतो, तुमच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने एकेक इंजेक्टर उघडला, आत लाल काहीतरी बघून म्हणाला, काका, एवढा गंज कसा? मी म्हणालो, गंज नाही, कुंकू आहे. तो हसला नाही. त्याने फक्त दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, मग आत जाऊन हसला. तासाभराने डोळे पुसत बाहेर आला आणि भिंगाखाली मला तीन नंबरचा नोझल दाखवला. म्हणाला, कुंकवाचं सोडा काका, ते आत्ताचं. पण डिझेल अडवणारी ही आतली सीट घासलीय ती फार जुनी, गाडी तुम्ही घेतलीत त्याच्याही आधीची.

म्हणजे गाडी घेतल्याचे पेढे वाटायच्या दिवशी तुम्ही बॉनेटवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून जे सांगितलंत ते अक्षरशः खरं होतं. आणि मी गाडी तपासल्याचा चौऱ्याऐंशी मुद्द्यांचा कागद फडकवत चारचौघांत म्हणालो होतो की हातात गेज नाही, कागद नाही, रस्त्यावरचा मिस्त्री मला क्वालिटी शिकवतो. तुम्ही वाढलेल्या ताटावरून उठलात. श्रीखंड तसंच राहिलं होतं. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही, हे जास्त वाईट आहे. आता वाटतं. रोज वाटतं.

तर मुद्दा असा की सुजितने सगळं नीट करून, इंजेक्टरांचे नंबर स्कॅनरने गाडीत चढवून दिले तरी गाडीचं प्रेशर अधूनमधून पडतं. कधी चढाला, कधी सिग्नलला. स्कॅनरवर काही दिसत नाही. हे फक्त कानानेच सापडेल असं माझं अनुभवी मत झालं आहे. म्हणून एकदा तुम्ही येऊन ऐकावं ही विनंती. दिवाळीत सवड असेलच.

तुमचा,
अर्जुन

ता. क. स्क्रूड्रायव्हर आणायची गरज नाही, इथे आहे. बसने येऊ नका, चाकणच्या बाजूला रस्ता सतत तुंबलेला. मीच घ्यायला येतो.

ता. क. २. वरच्या ता. क. वरून तुमच्या लक्षात आलंच असेल की ज्या गाडीचं प्रेशर पडतं ती घेऊन कुणी जामखेडला यायला निघत नाही. गाडी ठणठणीत आहे. गुरुवारपासून अर्ध्या सेलमध्ये सुरू होते. प्रेशर पडतं वगैरे मी रचलं. सुजित म्हणाला, सरळ फोन करा की काका. चारदा लावला, चारदा रिंग जायच्या आत कापला. माफी मागायला तोंड उघडेना, म्हणून लिहायला बसलो, तर हातालाही आधी चार पानं गाडीच लागली. मला माफ करा.

ता. क. ३. हे तिला सांगू नका. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. साधना दोन वर्षं ओवाळते आहे. समोर नवी बिल्डिंग झाल्यापासून गॅलरीतून आकाश दिसत नाही, म्हणून तो गुडघा घेऊन चार मजले चढून गच्चीवर जाते. ताट मी धरतो. मागच्या वर्षी ढग होते, चंद्र दिसेना, तर कुठे आहे, कुठे आहे, असं मला विचारत राहिली. परवा तिने विचारलं, यंदा किती वाजता दिसतो हो? मी म्हणालो, कॅलेंडर बघून सांगतो. दोन दिवस झाले, मी अजून बघितलेलं नाही. तिने पुन्हा विचारायच्या आत मला तुमचं उत्तर हवं आहे.