ऋतिकाचा फोन काढू नका

अहो,

मी भांडुपला ताईकडे जातेय, संध्याकाळी येईन. आमटी गरम करून घ्या.

घरच्यांच्या फोनमधले फोटो साठवून टीव्हीवर दाखवणारा तुमचा तो सर्व्हर नुसता बसून वीज खातो म्हणून आठवडाभर त्याच्यामागे लागलायत. काम नसलं की झोपेल अशी सोय केलीत, तरी मधेच उठून घरघरतो. आज म्हणे त्याला जोडलेले सगळे जुने फोन काढणार. ऋतिकाचा काढू नका. तोच त्याला उठवतो.

तुमच्याशी भांडून पोरगी गेली, पण तिच्या फोनमधले फोटो अजून आपोआप आपल्याकडे येतात. मला टीव्हीवर दिसले. ती बंद करायला विसरलीय की मुद्दाम चालू ठेवलंय, मला काहीच कळत नाही.

काल साकीनाक्याच्या खोलीवर तिने घावणे केले होते. सगळे तुटलेले. तवा तापायच्या आधीच पीठ ओतलं असणार. फोन करून सांगावं, तर आपण बघतो हे तिला कळेल आणि फोटो थांबतील. नाही सांगितलं, तर तुटकेच खात बसेल.

टीव्ही चालू ठेवून जातेय. ओरडू नका, आधी बघा.

विमल