माझ्या स्वभावाचे समानार्थी शब्द

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोज एक गुण आणि त्याचे समानार्थी शब्द. भालकी बस स्टँडच्या स्टॉलवरून पुस्तक आणलोय. माणसाच्या स्वभावाची सगळी इंग्लिश विशेषणं त्यात आहेत. कारण असं की बायोडाटात ‘स्वभाव’ म्हणून रकाना असतो, तिथं मी आजवर ‘चांगला’ लिहीत आलो. ग्यानबामामा परवा म्हणले, राजपाल, चांगला तर आमचा बैल बी हाय. मामाच स्थळं आणतात, म्हणून ऐकून घेतलो.

ह्या खेपेचं स्थळ उदगीरचं. ज्योत्स्ना. दवाखान्यात स्टाफ नर्स. मे महिन्यात एका लग्नात बघितलो होतो. पंगत उठायलती आणि ती म्हाताऱ्या बायांना, जेवलात का, पोटभर जेवलात का, असं विचारत फिरायलती. आवडली. इथं लिहायला काय लाज, लई आवडली. माझी पस्तिशी उलटली. ऑफिसात क्लार्क आहे, पण परमनंट. तरी स्थळं येतात आणि चहा पिऊन जातात. हे जायला नको.

संकल्प: शब्द पाठ करायचा आणि त्याच दिवशी तसं वागायचं.

४ नोव्हेंबर
गुण: शांत. कंपोज्ड, सिरीन, प्लॅसिड.
दुपारपर्यंत एकदम सिरीन. मग डबा उघडलो. आमटी खारट. डबा तसाच परत आणलो आणि आईला एवढंच म्हणलो, की मिठाचं पोतं पालथं घातलीस का. आवाज जरा चढला असेल. आई डबा घासायला घेतली. तिचा स्वभाव मूळचाच प्लॅसिड. तिला पुस्तक लागत नाही.

६ नोव्हेंबर. ऑफिसला निघायच्या आधी.
गुण: उदार. जनरस, मॅग्नॅनिमस, बेनेव्होलंट.
शेजारची मल्लम्माक्का दारात आली. गुडघा धरलाय, गाडीवर दवाखान्यापर्यंत सोडतोस का, म्हणून विचारली. नेमकं बेनेव्होलंटचं स्पेलिंग बसत आलं होतं. मधेच उठलो असतो तर परत पहिल्यापासून. ऑटोनं जा म्हणलो. सल्ला दिला म्हणजे मदतच झाली की. लंगडत गेली बिचारी. वाईट वाटलं. वाईट वाटणं हेही बेनेव्होलंटमध्येच येतं, पुस्तकात बघितलो.

९ नोव्हेंबर, रविवार
मामाचा फोन. माझा फोटो मुलीकडच्यांना पसंत पडलाय! आता ज्योत्स्नाचे काका, भीमराजकाका, चौकशीला येणार. कधी, ते कुणी सांगत नसतं. आमच्याकडं रीतच तशी. मुलीकडचा माणूस न कळवता गल्लीत येतो, कोपऱ्यावर चहा पितो आणि पोरगा कसा हाय म्हणून चार जणांना विचारतो. बायोडाटा नुसता दाखवायला. खरं काय ते गल्ली सांगते.

जेवण गेलं नाही. गल्ली काय सांगेल? माझ्यावर जळणारे लोक आहेत. मल्लम्माक्कासारखी भोळी बाई फार तर ‘छलो हुडुगा’ म्हणेल. म्हणजे कन्नडमध्ये परत चांगला पोरगाच. बैलाच्या पुढं काही जात नाही.

रात्री आयडिया सुचली. गुण: मनमिळाऊ. अफेबल, जीनियल, अमिएबल. प्रत्येकाला एकेक शब्द वाटून टाकायचा. सगळे एकच शब्द बोलले तर पढवलेलं वाटेल. समानार्थी शब्द भाषेत कशासाठी असतात, ते आज कळलं.

१० नोव्हेंबर
वाटप झालं. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्या शंकरप्पाला अफेबल दिलो. अर्थ विचारला. मनमिळाऊ, म्हणलो. माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणला, अण्णा, तुमच्याबद्दल व्हय? म्हणलो, व्हय. अज्ञानी माणूस आहे, सोडून दिलो.

बाजूच्या कटिंगच्या दुकानात जीनियल. मल्लम्माक्काला अमिएबल. ती म्हणली, म्हणते की, पण मंगळवारी दवाखान्याला सोड. पुढच्या मंगळवारी नक्की, म्हणून शब्द दिलो.

आईला बजावून ठेवलो, की कुणी आलं तर तू काही बोलायचं नाही, नुसता चहा करायचा. आईला अफेबल म्हणता येणार नाही, आणि दुसरं काहीतरी बोलून बसेल.

१२ नोव्हेंबर
रंगीत तालीम. शंकरप्पा ‘अपेबाल’ म्हणायलाय. तीनदा सांगितलो. चौथ्यांदा गिऱ्हाइकांसमोर जरा ओरडलो, तेवढ्यात हात लागून दोन कप फुटले. चूक त्याची. कप कडेला ठेवले होते. आजचा गुण सहनशील होता. तो उद्यावर ढकललोय. घाईत शिकलेलं टिकत नाही.

१३ नोव्हेंबर
सहनशील. ऑफिसात काम होतं, जमलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी.
भीमराजकाका येऊन गेले!! मी ऑफिसात होतो, ते बरंच झालं.
शंकरप्पा म्हणला, पाहुण्याला अपेबाल सांगितलो, शिवाय बाकीचे दोन बी सांगून टाकलो, तुमचं नुकसान नको. कटिंगवाला जीनियल बोलला आणि दाढीचे पैसे घेतला नाही. मल्लम्माक्का अमिएबल म्हणली. काका तिला अर्थ विचारले, तर ती म्हणली, पोरगा आला की त्यालाच विचारा. मंगळवारचं मात्र बोलली नाही. गुणी बाई.

मग काका आमच्या घरी आले. जयभीम झालं. आईला विचारले, चांगुणाबाई, तुमचा राजपाल कसा हाय? आई सांगितल्याप्रमाणे काहीच बोलली नाही. चहा दिली. काका तिच्याकडं बघत बसले आणि निघून गेले.

एकही वाकडा शब्द नाही! ह्याला म्हणतात नियोजन. साखरपुड्याला निळा सूट घ्यावा का करडा?

१६ नोव्हेंबर, रविवार
ज्योत्स्नाचा फोन आला. तिचा स्वतःचा! मामाकडून नंबर घेतली म्हणे.

म्हणली, काका चक्रावून घरी आलेत. सगळी गल्ली इंग्लिशमधून तारीफ करायली, पण तुम्ही कधी काय केलात ते एक माणूस सांगेना. आणि तुमची आई का गप्प होती? मी म्हणलो, आई मितभाषी आहे. रिझर्व्ड, रेटिसंट. ती म्हणली, दवाखान्याच्या वार्डात माणूस चांगला हाय म्हणून कळत नसतं, रात्री उठून पाणी दिला म्हणून कळतं. तुम्ही कुणासाठी काय केलेलं एखादं सांगा. लहानसं चालंल.

म्हणलो, खूप आहेत, त्यातलं निवडावं लागेल. बुधवारपर्यंत वेळ द्या. बरं, म्हणली. आवाज चांगला आहे तिचा. मऊ.

१७ नोव्हेंबर
निवडायलोय.
निर्णा गावच्या रस्त्यावर जीप चिखलात अडकली होती, सगळ्यांनी ढकलली. हे सांगता येईल. पण मी आत बसलो होतो. कुणीतरी आत लागतंच.
रक्तदान शिबिराला गेलो होतो. बिस्किटं आधी दिले. नंतर बीपी जास्त निघालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
शंकरप्पाला विचारलो, माझं काही आठवतंय का. खरंच विचार केला तो, मान खाली घालून. मग गिऱ्हाईक आलं म्हणून उठला. गिऱ्हाईक नव्हतं.

सकाळी मल्लम्माक्का लुगडं नेसून दारात तयार उभी होती म्हणे. मी आठवायच्या नादात मागच्या दारानं ऑफिसला गेलो. तिला सोडलो असतो तर उद्या सांगायला एक तरी झालं असतं. हे सुचलं तेव्हा दुपार झाली होती.

पुस्तक उघडलोच नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
संध्याकाळी घरी आलो आणि एकदम ती पंगत आठवली. जेवलात का, जेवलात का. सापडलं! स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आईला विचारलो, आई, जेवलीस का? पहिल्यांदाच विचारलो असेन, आई हातातलं उलथणं तसंच धरून बघत राहिली. ती काहीतरी म्हणायलती, तोवर मी बाहेर आलो आणि ज्योत्स्नाला फोन लावलो. म्हणलो, घटना आहे. आणि ताजी आहे. सगळं सांगितलो.

ती ऐकून घेतली. मग विचारली, बरं, मग जेवल्या होत्या का त्या?

थांबा, म्हणलो. फोन तसाच ठेवून आत गेलो, परत विचारलो. आई म्हणली, मघाच सांगितले की, तू जेवल्याबिगर मी कवा जेवते? आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितली. म्हणली, कामून रे, ताप आलाय का?

बाहेर आलो तर फोन बंद. मेसेज होता. ‘तुमचं सगळं ऐकू आलं. आईंना जेवायला वाढा. आपलं राहू द्या. चांगली मुलगी मिळेल तुम्हाला.’

चांगली. समानार्थी शब्द बघितलो नाही.

आत जाऊन दोन ताटं घेतलो. ताटं कुठं असतात हेही आईलाच विचारावं लागलं. आई नको नको म्हणायलती, तिला धरून बसवलो आणि वाढलो. भाकरी वाढताना एक खाली पडली, ती मी घेतलो. आमटी खारट होती. काही बोललो नाही.

थोड्या वेळानं आईच म्हणली, आज मीठ जास्त पडलंय की, तू कामून बोलला न्हाईस?

ही मात्र खरी घटना झाली. आता सांगायची कुणाला?