मेकॅनिक आला की ताप उतरतो

तीर्थरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा खोकला गेला, की अजून पाहुणे आले की उसळतो? इकडे सगळे मजेत आहेत. आईचं ब्लडप्रेशर शहाण्यासारखं वागतंय, तुमची भाचेसून बरी आहे, मीही हिंडतोफिरतो आहे. ताप आहे तो एकट्या ट्रॅक्टरला.

नवा कोरा ट्रॅक्टर तापतोच कसा, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. मलाही तेच विचारायचं आहे, पण ट्रॅक्टर बोलत नाही आणि कंपनी बोलते ते कळत नाही. होतं असं, की सकाळी स्वारी झकास निघते. पलीकडच्या बांधापर्यंत जाऊन परत येईतो काटा निम्म्यावर, पुढच्या फेरीला लालमध्ये, आणि त्याच्या पुढच्या फेरीला समोरून शिट्टी वाजवत वाफ. मग इंजिन बंद करायचं, बांधावर बसायचं आणि त्याला गार होऊ द्यायचं. तेवढ्यात माझं डोकं तापतं. (शेजारचा त्याच्या खटारा ट्रॅक्टरवरून जाताना मला हात हलवतो. पूर्वी कधी हलवत नसे.) अर्धं शेत नांगरून झालंय, अर्धं तसंच पडलंय. जमिनीत ओल आहे तोवर नांगर फिरला पाहिजे. एकदा वाळली की नांगर नुसते ओरखडे काढतो. मग यंदाची पेरणी अर्ध्याच शेतावर आटपायची. मला खरी काळजी आहे ती एवढीच, बाकी सगळी करमणूक आहे.

हो, पाटीबद्दल लिहायचं राहूनच जात होतं. तुम्ही ट्रान्सपोर्टने पाठवलेली पितळी पाटी आईला अतोनात आवडली. मला वाटलं होतं वीतभर असेल. निघाली बसायच्या पाटाएवढी. बाबांचं नाव असं ठसठशीत, की शेजारच्याला त्याच्या बांधावरून वाचता येतं. खाली 'यांच्या आशीर्वादाने'. आईने ती ट्रॅक्टरच्या तोंडावर, समोरच्या जाळीवर लावून घेतली. तिथे ती अशी चपखल बसली, की कंपनीने जागा तिच्यासाठीच सोडली होती असं वाटावं. मी म्हटलं मागे लावू, तर म्हणाली, ते कधी कुणाच्या मागे उभे राहिले होते का? हेही खरंच. बाबा संध्याकाळी चहाचा कप घेऊन दारात उभे राहायचे, खांदा चौकटीला टेकवून, पूर्ण दार भरून. आणि आई आतून ओरडायची, अहो बाजूला व्हा, वारा येऊ द्या. आता ती रोज सकाळी पदराने पाटी पुसते आणि मगच मला चावी देते.

तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. समोर भलीमोठी काच, आत गालिच्यावर उभा केलेला एक ट्रॅक्टर (त्याला काय धाड भरलीय तापायला, एसीत उभा आहे) आणि टेबलामागे टाय लावलेले साहेब. माणूस अतिशय सभ्य. तुम्ही कितीही ओरडा, ते 'नोंद घेतली आहे' म्हणतात आणि ओरडून घसा बसला की पाणी देतात. तुम्ही पढवलेलं सगळं मी बोललो: मनस्ताप, फसवणूक, ग्राहक न्यायालय, पुढील परिणामांस आपण जबाबदार. ('पुढील परिणामांस' म्हणताना टेबलावर मूठ आपटायला तुम्ही सांगितलं होतं. आपटली. टेबलावर काच होती. काच शाबूत आहे, मूठ बरी होतेय.) वॉरंटीत आहे, तेव्हा इंजिन बदलून द्या, त्याखाली बोलू नका, असंही सांगितलं. कंपनी नमली नाही तर मी स्वतः तिथे येऊन बसतो, हे तुमचं वाक्य तर मी त्यांना दोनदा ऐकवलं. तुम्ही ते म्हणालात तेव्हा फोन स्पीकरवर होता, त्यामुळे आईलाही ते पाठ आहे.

शेवटी त्यांनी मेकॅनिक पाठवला. त्याने शेतात मनसोक्त फेऱ्या मारल्या, आणि काटा जागचा हलेल तर शपथ! तो गेला, मी नांगर लावला, की शिट्टी. पुन्हा बोलावला, त्याने थर्मोस्टॅट बदलला, काटा गप्प. तो गेला, शिट्टी. मग रेडिएटर धुतला, पंख्याचा पट्टा बदलला, सगळं वॉरंटीत, सगळं फुकट, आणि सगळं फुकटच गेलं. तो असला की ताप उतरतो, पाठ वळली की चढतो. म्हणून घरात त्याचं नाव थंडोबा पडलं. (आईचं मात्र त्याच्याशी जमत नाही. 'येतोय' असा त्याचा फोन आला की ती पाना घेऊन पाटी उतरवते आणि आत नेऊन ठेवते. परक्याचे तेलकट हात बाबांच्या नावाला लागायला नकोत म्हणे. तो गेला की पुन्हा चढवते. या वयात पाना काय सफाईने चालवते, पाहायला हवं तुम्ही.) थंडोबाने वर कळवलं, दोष आढळला नाही. मी पुन्हा भांडायला गेलो तर साहेबांनी या वेळी ओरडण्याआधीच पाणी दिलं.

परवा थंडोबा फोन न करता उगवला. दुसरीकडचं काम आटपून परत जात होता, सहज डोकावला. आई शेजारी गेली होती, मी बांधावर बसलो होतो आणि ट्रॅक्टर वाफ सोडत होता. त्याला खरा ताप प्रथमच बघायला मिळाला. तो समोर जाऊन उभा राहिला, पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, हे कोण? म्हटलं, वडील. त्याने वाकून पाटीच्या मागे पाहिलं. मग म्हणाला, "दादा, राग मानू नका, पण वडिलांनी रेडिएटरचा वारा अडवलाय." जाळीतून वारा आत जातो, त्यावर पाणी गार होतं, एवढं साधं आहे म्हणे. पाटी काढली, इंजिन गार होऊ दिलं आणि त्याने मला पुन्हा नांगर चालवायला लावला. मामा, काटा हलला नाही. जाताना हेही सांगून गेला, की बाहेरून लावलेल्या वस्तूने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही; असाच आणखी तापला तर इंजिन बसेल आणि ते माझ्या खिशातून.

आणि मी काय केलं? लांबून आई येताना दिसली आणि मी पाटी होती तशी चढवली. जमीन वाळतेय आणि मी पाटी चढवतोय! बाबांना जाऊन वर्षही झालं नाही. ती सकाळी पाटी पुसताना हळू आवाजात काहीबाही बोलत असते, घरातल्याच गोष्टी. तिला कुठल्या तोंडाने सांगू? दोन दिवस मूग गिळून बसलोय, ट्रॅक्टर उभा आहे, आणि कंपनीच्या नावाने बोटं मोडणं चालू ठेवलंय, कारण आईला दुसरं कारण काय सांगणार?

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, चिल्ल्यापिल्ल्यांना गोड पापा.

तुमचा (मुठीला पट्टी बांधलेला)
भाचा

ता. क. : एवढं लांबण लावलं ते खरं यासाठी, की तुम्ही या. पाटी तुमची, बहीण तुमची; पाटी मागे लाव असं तुम्ही म्हणालात तरच ती ऐकेल. फोनवर नको. बाबा गेले तेव्हा तुम्ही आजारी होता, मग तुम्हाला काम निघालं, मग पाटी आली. तुम्ही अजून आला नाहीत.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवणार तोच आई आली. भावाला पत्र म्हटलं की ते तिला वाचून दाखवावंच लागतं. मधला भाग गाळून वाचायला गेलो, पण ती मला जन्मापासून ओळखते. थंडोबापाशी पोचलो आणि तिथून थेट 'बाकी सर्व ठीक'वर उडी मारली. ती शांतपणे म्हणाली, "मला त्याच्या दुसऱ्याच खेपेला कळलं होतं." पाटी काढली की काटा खाली, लावली की वर, यात न कळण्यासारखं काय होतं, असंही म्हणाली. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणे, "कंपनीने ऐकलं नाही तर स्वतः येतो म्हणाला होता ना तुझा मामा? मग कंपनीने ऐकून कसं चालेल?"

शेवटचा ता. क. : आईने आत्ताच पाटी उतरवून सीटच्या मागे बसवली. बोल्ट आवळताना पाटीला म्हणाली, "आयुष्यभर सांगत होते, बाजूला व्हा, वारा येऊ द्या." मी उरलेलं शेत नांगरायला निघालोय, ओल अजून आहे. तुमच्यासाठी तिचा निरोप आहे: पेरणीपर्यंत वाट बघते, नाही आलास तर पाटी पुन्हा पुढे. पाना तिने आपल्या उशाखाली ठेवलाय.