अज्ञात व्यापाऱ्याचा मिटलेला डोळा

नीझनी नोवगोरोद,
मार्च संपत आला, ओका नदीवरचा बर्फ अजून जागचा हललेला नाही.

आदरणीय वन्सं अग्निया इग्नात्येव्ना यांस,

तुम्ही वोल्गेच्या वरच्या अंगाला आणि मी खालच्या, तेव्हा माझा हा नमस्कार प्रवाहाविरुद्ध किनेश्म्याला पोचेतो चांगलाच दमलेला असेल. तसाच घरात घ्यावा. तुमची कंबर कशी आहे? बोक्याचा दात काढलात की तो अजून शेजारणीच्या नावाने ओरडतोय? मागच्या पत्रात तुम्ही मी पाठवलेल्या मधाच्या केकबद्दल काही लिहिलं नाही, यावरून तो पोचला आणि आवडला असं मी समजते. (न आवडता तर दोन पानं आली असती.) माझं म्हणाल तर, म्हणजे तुम्ही विचारत नाही पण पत्रात सांगायची रीत आहे, मी हयात आहे. गुडघे दोन आहेत आणि दोन्ही दुखतात. बाकी कंटाळा आहे, तो मात्र ठणठणीत आहे.

वलेर्यान गेल्याला या वसंतात सहा वर्षं होतील. तुम्ही त्याच्या थोरल्या बहीण, मी त्याची बायको, आणि आपण दोघींनी एक्केचाळीस वर्षं त्या माणसाच्या दोन बाह्या धरून ओढाताण केली, हे मी नाकारत नाही. पण आज जे सांगायचंय ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळायचं नाही, म्हणून मान खाली घालून लिहितेय. जरा बसून वाचा. उभ्याने वाचलंत तर कंबर धरेल आणि त्याचंही खापर माझ्याच माथ्यावर फुटेल.

तुम्हाला माहीत आहेच, जहाजांच्या कारखान्यातलं आराखडे काढायचं काम सुटल्यावर मी इथल्या संग्रहालयात दालन राखायला बसते. (किल्ल्यातलं मोठं नव्हे, उतारावरचं लहान. वर चढताना धाप लागते आणि खाली उतरताना घसरायला होतं, ते.) एकोणीस वर्षं त्याच खुर्चीवर. माझ्या दालनाचं नाव 'शहराचे नामवंत'. मीनिन पुढच्या दालनात असतात, त्यांना स्वतंत्र दिवा आहे. चारशे वर्षांपूर्वी त्यांनी सगळं शहर उठवून मॉस्को सोडवायला पाठवलं, तेव्हा तेवढा मान त्यांचा आहेच. माझ्याकडे उरलेले: आगबोटींचे मालक, इथल्या जुन्या व्यापारी जत्रेत गब्बर झालेले पिठाचे व्यापारी, अनाथालय काढणारी एक बाई, स्वतःच शिकून घड्याळं बनवणारे दोघं. एकोणीस वर्षं रोज तोंडासमोर असल्यावर कुणीही नामवंत राहत नाही हो, सगळे चुलत सासरे होतात. पिठाचा व्यापारी माझ्याकडे असा बघतो जणू मी त्याच्या गोण्या मोजायच्या सोडून विणकाम घेऊन बसलेय. (विणकाम असतं, पण खुर्चीखाली.)

आणि त्या सगळ्यांच्या शेवटी, दाराजवळच्या वाऱ्यात, माझ्या खुर्चीच्या अगदी समोर एक आहे. खाली पाटी: 'अज्ञात व्यापारी. चित्रकार अज्ञात.' म्हणजे बसणारा कोण ते माहीत नाही आणि काढणाराही कोण ते नाही. गोल चेहरा, लाल दाढी, आणि उजवा डोळा अर्धा मिटलेला. चित्रकाराचा हात घसरला असावा. त्याच्यासमोर कुणी थांबत नाही. लोक त्याच्या बाजूला उभे राहून कोटाची बटणं लावतात.

तर आमचे नवे संचालक स्तानिस्लाव गेर्मानोविच, वय वर्षं चौतीस, मोजे पिवळे. त्यांनी डिसेंबरात जाहीर केलं की अज्ञात लोक तळघरात जातील आणि त्या भिंतीवर मोठा पडदा लागेल, त्यावर नामवंत स्वतः बोलतील. (मेले ते सुटले असं आम्हाला वाटत होतं.) आणि पडद्याला राखण लागत नाही, म्हणून माझं दालन शेजारच्या दालनातल्या नोन्नाने बघायचं. "तुम्ही आता विश्रांती घ्या," म्हणाले. विश्रांती! वन्सं, घरी जाऊन मी काय करू? घरात भांडायलासुद्धा कोणी नाही. अज्ञाताचं आणि माझं एकाच दिवशी तळघर ठरलं, त्याचं तिथे, माझं इथे.

यानंतर जे झालं त्यात माझा दोष नाही, दोष घशाचा. जानेवारीत आमच्या माहिती सांगणाऱ्या पोरीचा घसा बसला, आणि नेमक्या त्याच दिवशी दोऱ्याच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या तीसेक बायका आल्या. संचालक मला म्हणाले, "तैसिया फ्योदोरोव्ना, तुम्ही एकोणीस वर्षं ऐकताय, आज जरा बोला." बोलले. तारखा सांगितल्या. बायका जांभया द्यायला लागल्या, एक तर सरळ अनाथालयवाल्या बाईच्या कठड्यावर टेकली. शेवटी दाराशी आल्यावर एका जाड्या बाईने विचारलं, "अगं बाई, आणि हा मेला डोळा काय मारतोय?"

मी थकले होते. पाय ठणकत होते. तोंडातून निघून गेलं, "डोळा नाही मारत, चहा पितोय. ग्लासातला चमचा काढून ठेवायचा कंटाळा. दांडा डोळ्यात जाऊ नये म्हणून डोळा मिटायचा, तो जन्मभर तसाच मिटलेला राहिला."

काय हशा पिकला म्हणून सांगू! "आमचे हेही तस्सेच!" "माझा बाप!" "अहो, माझा जावई, शिकलेला आहे तरी!" तीस बायका त्या चित्राभोवती गोळा झाल्या. आणि त्याचं नाव काय, म्हणून विचारायला लागल्या. दारावर नळ दुरुस्त करणाऱ्याची चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यावरचं नाव मी दिलं: पुझानोव. पुढे त्या विचारत गेल्या आणि मी देत गेले. आता मला सांगा, मी कुठून देणार? मी आयुष्यात एकच पुरुष आतून-बाहेरून बघितला, तो तुमचा भाऊ. मग पुझानोव अख्ख्या बाजारपेठेला दम द्यायचा पण हंस दिसला की त्याची पाचावर धारण बसायची. पुझानोव शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळं फुकट दुरुस्त करायचा आणि दरवेळी एक चाक उरायचं, ते तो गुपचूप खिशात टाकायचा. पुझानोव दर वसंतात ओकेचा बर्फ फुटताना बघायला जायचा, गुडघाभर भिजून यायचा, आणि आठ दिवस अंथरुणात पडून, आपण आता मरतो, असं सगळ्यांना सांगायचा. हे सगळं तुम्हाला ओळखीचं वाटत असेल. वाटू द्या.

दुसऱ्या आठवड्यात गिरणीवाल्यांच्या बहिणी आल्या. मग नणंदा आल्या. (सगळ्या सभ्य होत्या, हे मुद्दाम नमूद करते.) फेब्रुवारीत आगबोटीवाल्यांना कुणी विचारेना, सगळे थेट "चमचेवाले कुठे आहेत?" म्हणून माझ्याकडे. संचालकांनी पडदा जिन्याखाली हलवला, पाटी बदलली, 'व्यापारी पुझानोव, शहराचे लाडके', आणि खालच्या दुकानात चमच्यासकट ग्लास विकायला ठेवले. नोन्ना जळून कोळसा झाली. तिच्या दालनात जत्रेच्या जुन्या तराजूशिवाय काही नाही, आणि तराजूला कसल्या सवयी असणार? मला नवी गादी मिळाली. खुर्चीवरची.

आणि वन्सं, खरं सांगते, मी सुखात होते. परक्या बायका त्याच्या खोड्यांना हसत होत्या. "पुढे काय झालं हो त्या चाकांचं?" असं विचारत होत्या. सहा वर्षांत वलेर्यानबद्दल मला कुणी इतकं विचारलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही. मला तो परत घरी आल्यासारखा वाटायचा, आणि घरी नव्हे तर संग्रहालयात आला याचाही राग येईना.

पण सुख म्हटलं की मॉस्कोला वास लागतोच. वर्तमानपत्रात दोन रकाने छापून आले, आणि तिथल्या कुठल्याशा संस्थेतून वेस्निना नावाच्या संशोधक बाईंचं पत्र आलं: या पुझानोव यांची नोंद जत्रेच्या कागदपत्रांत कुठेही नाही, प्रत्यक्ष येऊन तपासू इच्छिते, शुक्रवारी पोचते. संचालकांचा चेहरा मोज्यांसारखा पिवळा पडला. "तैसिया फ्योदोरोव्ना, आधार आहे ना हो काही?" मी म्हटलं, त्यांच्या घराण्यात तोंडी चालत आलेलं आहे. आता बोलून चुकले. शुक्रवारी ती बाई खरं-खोटं करणार, तो तळघरात जाणार आणि मागोमाग मीही घरी. त्या घरात त्याच्या टोपीशिवाय काही नाही, आणि टोपी माझ्याशी बोलत नाही.

असो. मी काही मागत नाही. तुमची कंबर सांभाळा, बोक्याला माझे आशीर्वाद द्या. उतारावर अजून गोठलेलं आहे, तेव्हा पत्राचा आणि माझा दोघांचाही पाय टपालपेटीपर्यंत न घसरो.

तुमच्या भावाची बायको (तुम्ही कधी मानलं नाही तरी),
तैसिया

ता. क. मागत नाही म्हटलं, पण एक मागते. वेस्निना बाई फोन करतील. तुम्ही पुझानोवांच्या पणती आहात असं सांगाल का? हंसांची गोष्ट तुम्ही सांगाल तितकी चांगली मला सांगता येत नाही, तुमच्याच अंगणातले हंस होते ते. फक्त ती दीडशे वर्षं मागे न्यायची. तो ट्रॉलीबसच्या डेपोत नोकरीला होता, याचं अवाक्षर काढू नका. आणि कृपा करून असंही म्हणू नका की बायकोने वेळीच चमचा काढायला शिकवला असता तर डोळा वाचला असता.

ता. क. (दुसरा) पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि त्या बाई बुधवारीच आल्या, तेव्हा वरचं सगळं सोडून द्या. वय पंचविशीतलं, नाक लाल, पायात ओले लोकरी बूट. चित्र उतरवलं, मागून बघितलं, भिंग लावलं. मग म्हणाल्या, हा व्यापारी नाही, या शहरातला असेल असंही वाटत नाही, आणि डोळ्यावर रांजणवाडी आहे. संचालक बाकावर बसले. मी म्हटलं, मुली, लिही काय लिहायचं ते, माझे यजमान होते ते, मीच त्यांना इथे टांगलं. त्यांनी लाल नाक पुसलं आणि त्या लिहायला बसल्या. अहवालात लिहिलंय: व्यक्ती अज्ञात, चित्र जागेवर ठेवावं, दालन राखणाऱ्या बाईंसह. नोन्ना म्हणते, आता माझ्यावरची धूळसुद्धा सरकारी फडक्याने झटकावी लागेल. तर तो राहिला आणि मीही राहिले.

पण जाताना त्यांनी विचारलं, "एवढं सगळं सांगितलंत, आवाज कसा होता ते कुठे आलं नाही." मी सांगायला तोंड उघडलं. वन्सं, आठवेना. संध्याकाळी दारात बसून बूट काढताना तो काहीतरी गुणगुणायचा, रोज तेच, तुमच्या आईचं असणार. शब्द नव्हतेच, आणि आता सूरही येत नाही. दोन दिवस झाले, मी रिकाम्या दारात बूट काढत बसते. तुम्हाला येत असेल. पुढच्या रविवारी, पत्र पोचलं की, मी फोन करीन. काही बोलू नका, बोललो की भांडण होतं. नुसतं गुणगुणा.