अजिंक्य कवडू

नागपूर,
११ जानेवारी १९७३

प्रिय नत्थूस,

सप्रेम जयभीम. पावसाळ्यापासून तुला पत्र नाही, माफ कर. रोजनिशीत मी वरचेवर 'नत्थूला लिहिणे' असे लिहीत होतो आणि लिहिल्याच्या समाधानात झोपत होतो. मावशीचे गुडघे कसे आहेत? तुझे वजन कसे आहे? घटले नसेल ना? (सहज विचारतो, असे आधी लिहिले होते. ते खरे नसल्यामुळे खोडले.)

आमचा कवडू, म्हणजे पुष्पलताचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, तीन वर्षे विदर्भाचा हेवीवेट मुष्टियुद्ध विजेता आहे, हे तू ऐकले असशील. या तीन वर्षांत त्याने कोणालाही एकही गुद्दा मारलेला नाही, हे मात्र ऐकले नसशील. कारण संघटनेचा चिटणीस मी आहे आणि मला कोणी विचारले नाही. एवढ्या वजनाचा दुसरा माणूस नावच देत नाही. कवडू रिंगणात चढतो, चारी दिशांना वाकतो, जागच्या जागी उड्या मारतो (फळ्या फार कुरकुरतात), आणि पंच त्याचा हात वर करतात. वॉकओव्हर. मग हार. गेल्या वर्षी त्या हाराची तार लागून कपाळाला खोक पडली आणि पट्टी बांधलेला फोटो वर्तमानपत्रात 'अजिंक्य कवडू' म्हणून छापून आला. मी खुलासा लिहायला बसलो. पण 'अजिंक्य'मध्ये खोटे काय, ते काही सापडेना.

तो फोटो मौद्याच्या गोपिकाने पाहिला आणि स्थळ जुळले. कवडू तिच्यापायी असा वेडावला की त्याचे जेवण तुटले (वजनगट सुटेल म्हणून आम्ही ते बळेच वाढवले). परवा ती वडिलांसोबत चहाला आली आणि सरळ त्यालाच म्हणाली, "हार घातलेला फोटो पाह्यला जी. आता मारतानी पाहतो. हारले तरी चालते मले, पण खेळा लागते." स्पर्धा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. बापलेक पहिल्या रांगेत बसणार. तिच्यासमोर पुन्हा वॉकओव्हर झाला तर लग्न मोडले. ती गेल्यावर कवडू म्हणाला, "भाऊजी, कोणाले तरी आणा ना. पण कोणाले आणून राहिले, ते मले आधी सांगा."

बाकी सर्व ठीक. मावशीला नमस्कार.

तुझा,
आनंदराव

ता. क. पारशिवनीच्या बाजारात सुटलेला गोऱ्हा तू शिंगे धरून खाली बसवला होतास, ते मला या पत्राच्या पहिल्या ओळीपासून आठवते आहे. आदल्या दिवशीच ये. तू हर, असे मी म्हणणार नाही. चिटणिसाने तसे म्हणणे बरे नव्हे. फक्त रागावून येऊ नकोस.

आणखी ता. क. तुझे लग्न झालेले आहे, हे गोपिकाला आधीच कळवून ठेवले आहे. सूचना पुष्पलताची.

शेवटचा ता. क. कवडू पाठीशी उभा राहून वाचतो आहे. लिहा म्हणतो, "नत्थूभाऊ, नाक सोडून मारजा. लग्नाचा फोटो बाकी हाये."

(रोजनिशीत) उद्याचे काम : गुद्दा कसा मारतात, ते कोणाला तरी विचारून कवडूला सांगणे.